फ्रिजचं दार आणि तीन मिलिमीटरची फट

फ्रिज १९० लिटरचा, एकदारी, डायरेक्ट कूल, म्हणजे वर फ्रीझरचा डबा आणि त्यात बर्फ साठणारा. बिजागऱ्या उजवीकडे, हँडल डावीकडे. रत्नागिरीतलं तळमजल्यावरचं स्वयंपाकघर, खाली प्लॅस्टिकचं स्टँड, वापर अकरा वर्षं. तक्रार एवढीच की दार ढकललं तर लागल्यासारखं वाटतं, पण हँडलच्या बाजूचा वरचा कोपरा उघडा राहतो. डोळ्यांना पटकन दिसत नाही. बोट फिरवलं की गार हवा लागते. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता आणि दुधाच्या पिशव्या दुसऱ्या दिवशीच आंबूस व्हायला लागल्या होत्या.

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: रबर गेलंय, नवं घाला. रबर म्हणजे दाराच्या कडेने फिरलेलं गॅस्केट. हा सल्ला कधीकधी बरोबर ठरतो, पण सुरुवात तिथून केली की फसगत होते. नवं रबर घातल्यावरही कोपरा उघडाच राहतो आणि मग दुकानदाराशी वाद सुरू होतो. रबराच्या पोटात लवचीक चुंबकाची एक पट्टी असते. तिची ओढ फार तर दोन-तीन मिलिमीटरवरून काम करते. रबर त्या अंतरात आलं की स्वतःहून पुढे सरकून पत्र्याला चिकटतं; त्याहून लांब राहिलं तर चुंबक कितीही नवा असो, पोहोचत नाही. म्हणून आधी प्रश्न असा विचारायचा की दार इतकं लांब का थांबतंय.

फट नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी दहा रुपयांची नोट पुरते. नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि हळू ओढायची. अडखळत, घासत आली तर तिथे रबर बसतंय. सुळकन आली तर नाही. हे एका जागी करून भागत नाही. वर तीन, खाली तीन, दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा बारा जागा घेतल्या आणि कागदावर चौकोन काढून खुणा केल्या. वरच्या कडेला डावीकडचे साधारण २० सेंटीमीटर आणि डाव्या कडेला वरचे १५ सेंटीमीटर सैल निघाले. बाकी सगळीकडे नोट घासत येत होती. फटीची जाडी मोजायला जुनी एटीएम कार्डं वापरली. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. चार कार्डं एकत्र सरकत होती, म्हणजे तीन मिलिमीटर.

या नकाशावरून अर्धं निदान होतं. फट बिजागरीच्या बाजूला असेल तर बिजागरी सरकलीय किंवा तिथलं रबर दुमडलंय असं समजायचं. हँडलच्या बाजूला असेल तर आतून काहीतरी ढकलतंय, फ्रिज पुढे झुकलाय किंवा रबराचा कोपरा बसका झालाय. दार खाली घासत असेल तर खालच्या बिजागरीचा बुश, म्हणजे खिळा ज्यात फिरतो ती नायलॉनची कडी, झिजलाय. चारही बाजूंना थोडी थोडी सैल असेल तर मात्र रबर कडक झालंय असं मानायला हरकत नाही. इथे फट हँडलच्या बाजूला आणि वर होती. उजवी बाजू बिजागरीने धरलेली असते, त्यामुळे आतून वरच्या भागात कशानेही ढकललं तरी उघडतो तो डावा वरचा कोपराच.

मग आतलं पाहिलं. दार लावताना नेमकं काय टेकतंय हे बाहेरून दिसत नाही. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून, टॉर्च पेटवून तो मधल्या फळीवर दाराकडे तोंड करून ठेवला, दार लावलं, दहा सेकंदांनी उघडलं. व्हिडिओत दाराच्या वरच्या कप्प्याची कड चिलर ट्रेला टेकताना स्पष्ट दिसली. चिलर ट्रे म्हणजे फ्रीझरच्या खाली असतो तो उथळ खण, ज्यात आपण दुधाच्या पिशव्या ठेवतो. तो पूर्ण मागे जात नव्हता. काढून पाहिला तर मागे, फ्रीझरच्या तळाला, बर्फाचा अंगठ्याएवढा जाड ओठ तयार झालेला. ट्रे त्याला अडून जवळजवळ एक सेंटीमीटर पुढे थांबत होता. फ्रीझरची आतली झडपसुद्धा बर्फामुळे पूर्ण मिटत नव्हती, पण ती दाराला टेकत नव्हती.

याच व्हिडिओत आतला दिवा विझतो की नाही हेही तपासून घ्यावं. दाराच्या चौकटीवरचं बटण पूर्ण दाबलं गेलं नाही तर बल्ब रात्रभर जळतो. जुन्या पद्धतीचा १५ वॉटचा बल्ब बंद डब्यात चांगलीच ऊब धरतो.

इथे एक दुष्टचक्र असतं. फट पडली की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी सर्वांत थंड जागी म्हणजे फ्रीझरच्या पत्र्यावर गोठतं, बर्फ वाढतो, बर्फ ट्रेला पुढे ढकलतो, फट आणखी वाढते. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये हे इतक्या वेगाने होतं की आठवड्यात फरक दिसतो. आधी फट की आधी बर्फ, याचा शोध लावत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही काढावं लागतं.

बर्फ काढायचा म्हणजे थर्मोस्टॅटच्या गोल खटक्याच्या मधलं डिफ्रॉस्टचं बटण दाबून सोडायचं. बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर येतं. थर पाच-सहा मिलिमीटरचा असताना ही पद्धत उत्तम. इथे थर दोन सेंटीमीटरचा होता, म्हणून प्लगच काढला. दूध, मासे, पीठ शेजारच्या फ्रिजमध्ये, दार सताड उघडं, फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं एका टॉवेलच्या घडीवर, आणि दर वीस मिनिटांनी पाणी बदलायचं. पंचेचाळीस मिनिटांत मोठे तुकडे हातात आले, दोन तासांत सगळं स्वच्छ. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही बर्फाला लावायचं नाही. फ्रीझरचा डबा म्हणजेच बाष्पक, थंडावा तयार करणारा भाग. त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून गॅसच्या वाहिन्या गेलेल्या असतात. एक टोचा लागला की सुस्कारा टाकून गॅस निघून जातो आणि दाराचा प्रश्न बाजूलाच राहतो. आतल्या बाजूच्या स्टिकरवर आर-६०० ए असं लिहिलेलं असेल तर तो गॅस आयसोब्युटेन, म्हणजे जळणारा. घरगुती फ्रिजमध्ये तो थोड्या ग्रॅमांतच असतो, पण जवळ मेणबत्ती किंवा लायटर नको एवढं कारण पुरे.

पाणी मागच्या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत जातं. ते भोक बुरशीने तुंबलं असेल तर पाणी भाजीच्या ट्रेमध्ये साठतं. प्लॅस्टिकची लवचीक नळी किंवा जाड स्ट्रॉ घालून मोकळं केलं.

बर्फ गेला, ट्रे जागेवर बसला, दार लावलं. फट तीनवरून दीड मिलिमीटरवर आली. नोट आता थोडी घासत होती, पण कोपऱ्यात अजून सुळकन. म्हणजे अर्धा दोष आणखी कुठे तरी होता.

पुढची पाळी स्टँडची. एकदारी फ्रिज जमिनीवर नुसता ठेवलाय असं घर विरळं. बहुतेकांकडे ते चार पायांचं, मध्ये सरकणारं प्लॅस्टिकचं स्टँड असतं. ते भार घेतं, पण वर्षानुवर्षांत त्याचे पाय बसतात, आणि पुढचे पाय मागच्यांपेक्षा जास्त बसतात, कारण दार आणि दारातल्या बाटल्या यांचं वजन पुढे येतं. फ्रिज किंचित मागे झुकलेला हवा. मागे झुकला की अर्धवट उघडलेलं दार आपल्या वजनाने मिटतं. पुढे झुकला की आपल्या वजनाने उघडतं. नियम सोपा: दार पंचेचाळीस अंशांत उघडून सोडलं तर ते हळूहळू मिटायला हवं. इथे ते जागच्या जागी थांबत होतं, आणि थोडं कमी उघडून सोडलं तर बाहेरच येत होतं.

गवंड्याची पाणसळ फ्रिजच्या वरच्या पत्र्यावर आडवी आणि मग पुढून मागे अशी ठेवली. पुढून मागे बुडबुडा स्पष्ट मागे सरकलेला, म्हणजे फ्रिज पुढे कललेला. पाणसळ नसेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालतं, फक्त मोबाईलचं कव्हर काढून ठेवा, कॅमेऱ्याचा उंचवटा फसवतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण ६ मिलिमीटर उंच राहील असं करायचं. त्याहून जास्त उचलण्याची गरज नसते. उगाच कललेला फ्रिज जास्त घरघरतो आणि वरच्या भांड्यातलं पाणी मागे वाहतं.

एक पाय अधांतरी असेल तर तो वेगळा दोष. पोस्टकार्डाएवढा कागद चारही पायांखाली सरकवून पाहिला. पुढच्या डाव्या पायाखाली तो सहज गेला. असा तीन पायांवर उभा फ्रिज नुसता डुगडुगत नाही, त्याची चौकटच पिळवटते. पत्र्याची पेटी आहे ती, लाकडी कपाट नव्हे. एक कोपरा खाली लोंबला की समोरची चौकट सपाट राहत नाही आणि दार मात्र सपाटच असतं. त्यामुळे एका कोपऱ्यात फट दिसते आणि माणूस रबराला दोष देतो. स्टँडच्या त्या पायाचा स्क्रू बाहेर काढून उंची वाढवली. तो पूर्ण फिरल्यावरही कमी पडला तेव्हा खाली पाच मिलिमीटर जाडीचा कडक रबराचा तुकडा घातला. पुठ्ठा घालू नये. पुसायच्या पाण्याने पंधरा दिवसांत लगदा होतो. पाय फिरवण्याआधी दोघांपैकी एकाने फ्रिज वरून मागे रेलून धरायचा, दुसऱ्याने खाली काम करायचं. दारातल्या बाटल्या आधी काढायच्या.

त्या बाटल्यांबद्दल दोन शब्द. दाराच्या खालच्या कप्प्यात एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या आणि शीतपेयाची दोन लिटरची एक, असं सहा किलोंच्या वर वजन अकरा वर्षं लोंबत होतं. हे वजन बिजागरीपासून लांब, हँडलच्या बाजूला ठेवलं तर जाच जास्त. जड बाटल्या बिजागरीच्या बाजूला, अंडी आणि सॉसच्या लहान बाटल्या हँडलच्या बाजूला, एवढं केलं तरी बुशचं आयुष्य वाढतं. आंब्याच्या दिवसांत रसाचे डबे मागे भिंतीला टेकवून फळी पुढे ढकललेली दिसते; काचेची फळी मागच्या खाचेत बसली नाही की तिची पुढची पट्टी दाराच्या कप्प्याला टेकते. आणि फ्रिजच्या डोक्यावरचं ते खिशांचं कापडी कव्हर! त्याची झालर दारात अडकून बसते, नेमकी वरच्या कडेला. निम्म्या घरांत दुरुस्ती तिथेच संपते.

आता दार. हँडल धरून दार वर उचलून पाहिलं तर ते जवळजवळ चार मिलिमीटर वर गेलं. एवढा झोल नसावा. एक-दीड मिलिमीटर ठीक. खालच्या ड्रॉवरच्या कडेवर, म्हणजे कांदे-बटाटे ठेवायच्या त्या खणावर, दाराच्या खालच्या टोकाने घासल्याची चंद्रकोर उमटलेली होती. बुश झिजला याचा इतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

दार उतरवायचं काम दोघांचं. प्लग काढलेला. दारातले सगळे कप्पे मोकळे. दार बंद करून ते चौकटीला रुंद चिकटपट्टीने दोन जागी बांधलं, म्हणजे वरची बिजागरी निघाल्यावर अंगावर येत नाही. वरच्या बिजागरीवरचं प्लॅस्टिकचं टोपण स्क्रू ड्रायव्हरच्या चपट्या टोकाने उचललं. खाली तीन बोल्ट निघाले, १० मिलिमीटरच्या पान्याचे. काही फ्रिजना ८ चा पाना किंवा स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो. बोल्ट काढण्याआधी बिजागरीच्या पट्टीभोवती पेन्सिलीने रेघ मारली. ही रेघ विसरू नका. बिजागरीची भोकं मुद्दाम लांबट असतात, पुढे-मागे सरकवता यावीत म्हणून, आणि खूण नसेल तर पुन्हा बसवताना अर्धा तास अंदाजात जातो. किनाऱ्याकडच्या घरांत हे बोल्ट गंजलेले असतात. आधी गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबायचं. पाना घसरून बोल्टचं डोकं गोल झालं तर पुढचं काम वेल्डरचं.

दार सरळ वर उचललं की खालच्या खिळ्यावरून सुटतं. खाली दाराच्या पोटात नायलॉनचा बुश बसवलेला असतो. गोल भोक झिजून लंबगोल झालं होतं आणि त्याच्याखालचा वायसर कागदासारखा पातळ. दोन्ही बदलले. नवा बुश हाताने दाबून बसला. बसत नसेल तर लाकडी तुकडा ठेवून हलकेच ठोकायचा. नायलॉनचा एक मिलिमीटरचा जादा वायसर घातला की दार तेवढं वर येतं. दोन घालायचा मोह टाळावा, मग वरची बिजागरी बसत नाही. काही मॉडेलांत बुशच्या खाली तिरक्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, जो शेवटच्या काही अंशांत दार आत ओढून घेतो. त्याची कड तुटली तर दार मिटण्याआधीच तरंगत राहतं. तो सुटा मिळतो. खिळ्याला थोडं ग्रीस लावून दार परत चढवलं, वरचे बोल्ट अर्धे आवळले, दार आणि पेटी यांच्या वरच्या कडा समांतर आहेत का हे दूर उभं राहून पाहिलं, मग पूर्ण आवळले.

एवढं करून फट किती राहिली? पाऊण मिलिमीटर, तीही फक्त कोपऱ्यात पाच सेंटीमीटरवर. एक कार्ड कसंबसं जात होतं. रबराला हात लावायची वेळ आता आली.

आधी धुतलं. फोडणीचा चिकटा, दुधाचे ओघळ, घड्यांमधली काळी बुरशी, यामुळे रबर जाड होतं आणि पत्र्याला पूर्ण टेकत नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, चमचाभर खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. घडी बोटाने उघडून आतपर्यंत घासायचं. पेटीचा ज्या पत्र्यावर रबर टेकतं तो पत्राही तितकाच स्वच्छ हवा. तिथे रंग फुगून गंज आला असेल तर बारीक सँडपेपर, पातळ प्रायमर आणि रंगाचा एकच हात. रॉकेल, थिनर, पेट्रोल नको. या रबराला मऊ ठेवणारं द्रव्य ते ओढून घेतात आणि महिन्याभरात रबर काठीसारखं होतं. स्वच्छ झाल्यावर कोरडं पुसून नोट लावली. फरक पडला, पण कोपरा तसाच.

रबर काम देतंय की नाही, याच्या दोन साध्या परीक्षा. घडी चिमटीत दाबून सोडा. लगेच फुगली तर जीव आहे, दबलेलीच राहिली तर नाही. आणि एक टाचणी दोऱ्याला बांधून कडेने फिरवा. चुंबकाची पट्टी तुटलेली असेल तिथे टाचणी सुटते. कोपऱ्यात पट्टीचे दोन तुकडे भेटतात, तिथे ओढ थोडी कमी असणं साहजिक आहे. इथे टाचणी सगळीकडे धरत होती, पण कोपऱ्याची घडी चपटी होऊन बसली होती. महिनोन्महिने तो कोपरा पत्र्यापर्यंत पोहोचतच नव्हता, मग कडक झाल्यावर त्याच आकारात राहिला.

हेअर ड्रायर मध्यम गरमीवर, दहा सेंटीमीटरवरून, एका जागी न थांबवता दोन-तीन मिनिटं फिरवला. बोट लावल्यावर रबर मऊ, पण चटका बसू नये. मग घडी बोटांनी बाहेर ओढून धरली आणि गार होईपर्यंत तशीच ठेवली. रात्रभर आकार टिकावा म्हणून घडीच्या मागे, रबर आणि दाराच्या मधे, सुतळीचा वीतभर तुकडा कोंबून दार लावलं. सकाळी सुतळी काढली. कोपरा बसला होता. दोन दिवसांनी परत चपटा. अशा रबराला हा उपाय मुदतीचाच असतो. चारपाच वर्षांचं रबर असतं तर निभावलं असतं. शिवाय बिजागरीच्या बाजूला मधोमध एक बारीक चीर सापडली. तेव्हा बदलायचं ठरलं.

इथे माप ही सगळ्यात चुकणारी गोष्ट. रबराची बाहेरची कड मोजायची नाही, ते ताणलेलं किंवा आकसलेलं असतं. जुनं रबर खाचेतून ओढून काढायचं आणि दारावरची खाच मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची, उभी आणि आडवी. इथे ९९० बाय ५०५ मिलिमीटर. सोबत जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून न्यायचा, म्हणजे मागचा बाण, जो खाचेत रुततो, तो त्याच जाडीचा मिळतो. आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर सांगून कंपनीचं तयार रबर मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास सुटे भाग विकणारे लांबलचक पट्टी मापाने कापून, कोपरे पंचेचाळीस अंशांत गरम पात्याने जोडून देतात. आमच्या वेळी पहिलं आलेलं रबर उंचीला १२ मिलिमीटर जास्त निघालं. जास्तीचं रबर आकसत नाही, बिजागरीच्या बाजूला लाटा धरतं. आखूड असेल तर उलट: कोपरे गोल होऊन खाचेतून बाहेर येतात. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, बारा नाही. परत करून दुसरं आणलं.

नवं रबर पिशवीत घड्या घालून आलेलं असतं आणि त्या घड्या हाताने जात नाहीत. बादलीत हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी घेऊन पंधरा मिनिटं बुडवून ठेवलं, पुसलं आणि गरम असतानाच लावायला घेतलं. क्रम महत्त्वाचा. आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग मध्यापासून कोपऱ्याकडे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून सरळ ओढत गेलं की शेवटच्या बाजूला नक्की जास्त किंवा कमी पडतं. अंगठ्याने दाबताना बाण खाचेत रुतल्याचा बारीक टक असा आवाज येतो. तो न आलेली जागा परत दाबायची. अंगठे दुखायला लागल्यावर लाटण्याचं गोल टोक वापरलं, ते फार छान काम करतं. टोकदार काहीही नको.

वीसेक वर्षांपूर्वीच्या फ्रिजना खाच नसते, रबराची पाळ उचलली की खाली स्क्रूंची रांग दिसते. तिथे सगळे स्क्रू काढायचे नाहीत, फक्त दोन-दोन फेरे सैल करायचे. हेच स्क्रू दाराचं आतलं प्लॅस्टिक आणि बाहेरचा पत्रा एकत्र धरतात. सगळे निघाले की दार पिळतं आणि ते सरळ करणं रबर बदलण्यापेक्षा अवघड. जुनं रबर सरकवून काढायचं, नवं वरच्या कडेपासून सरकवायचं, स्क्रू अर्धे आवळून दार लावून पाहायचं, दाराचा पीळ हाताने काढायचा आणि मग पूर्ण आवळायचे.

बिजागरीच्या बाजूला दार मिटताना रबर घासत जातं आणि दुमडतं. तिथे पत्र्यावर पेट्रोलियम जेलीचा, बोटाने पुसून टाकल्यावर उरेल इतका पातळ थर लावला. खोबरेल तेल लावायचा रिवाज आहे, तो सोडावा. ते धूळ धरतं आणि खवट होतं. दार मिटवून हँडलच्या कोपऱ्याला रात्रभर चिकटपट्टी मारून ठेवली. नव्या रबराला पत्र्याचा आकार घ्यायला एक-दोन दिवस लागतात, पहिल्याच तासाला नोट सुटली म्हणून घाबरायचं कारण नाही. सुटलेल्या जागी पुन्हा एकदा हेअर ड्रायर.

दार लागत नाही म्हणून बाहेरून कडी किंवा कुलपाचा आकडा ठोकलेले फ्रिज पाहण्यात आलेत. ते करू नये. अनेक फ्रिजमध्ये गरम गॅसची नळी पेटीच्या बाजूच्या पत्र्याच्या लगेच आत चिकटवलेली असते, स्क्रू थेट तिच्यात जातो. दुसरं कारण जुनं आहे. पूर्वी फ्रिजला खटक्याची मूठ असायची आणि आत अडकलेल्या मुलांना दार उघडता येत नसे. अमेरिकेत १९५६ साली कायदाच झाला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. चुंबकाचं रबर त्या गरजेला नेमकं बसलं. आपण कडी लावतो म्हणजे तेच परत आणतो.

दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ न साठणाऱ्या, फ्रिजमध्ये एक दार जोरात लावलं की दुसरं किंचित उघडतं. आतली हवा दाबली जाते, ती दुसऱ्या दाराला ढकलते. ते लगेच परत मिटलं तर दोष नाही. उघडंच राहिलं तर त्या दाराचं रबर किंवा झुकाव तपासा. शेजारी-शेजारी दोन दारं आणि मध्ये दुमडणारी पट्टी असलेल्या फ्रिजमध्ये ती पट्टी आत वळलेली नसताना दार ढकललं तर ते आदळून परत येतं.

तिसऱ्या दिवशी बारा जागांवर परत नोट लावली. सगळीकडे घासत आली, वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडी कमी, पण घासतच. दार लावल्याबरोबर पुन्हा उघडायला गेलं तर आता ते क्षणभर ओढून धरतं. आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा दार दाबते. रबर हवाबंद बसल्याशिवाय हे होत नाही. कॉम्प्रेसर रात्री थांबू लागला. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवलेला थर्मामीटर सकाळी ५ अंश दाखवत होता. आधी तो ११ वर असायचा. थर्मोस्टॅट सातवर नेऊन ठेवला होता, तो चारवर आणला. दुरुस्तीनंतर हे विसरलं तर भाजीच्या ट्रेमधली कोथिंबीर गोठते.

तीन आठवड्यांनी, भर पावसात, फ्रीझरच्या तळाला दोन मिलिमीटर बर्फ होता, सगळीकडे सारखा. एकाच बाजूला जाड झाला असता तर त्या बाजूची फट पुन्हा शोधावी लागली असती. डिफ्रॉस्टचं बटण दाबलं, चिलर ट्रे काढून मागचा कोपरा पुसला आणि ट्रे मागच्या अडणीला टेकेपर्यंत सरकवला.